जड क्वार्कला कोण अडवणार?

"जड आहे ना, मग त्याला कोण अडवणार?" कटिंग संपवता संपवता बापूने निकाल देऊन टाकला. विषय होता, शिशाची अणुकेंद्रकं एकमेकांवर आपटल्यावर प्रोटॉन-न्यूट्रॉनमधले क्वार्क आणि त्यांना जोडणारे ग्लुऑन सुटे होऊन जो अतितप्त रस्सा, म्हणजे क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा होतो, त्यातून जाताना चार्म आणि बॉटम हे जड क्वार्क किती ऊर्जा गमावतात.

"अर्धं बरोबर," म्हणत मास्तरांनी कौलाच्या तुकड्याने कट्ट्यावर रेघ ओढली. धावता क्वार्क धक्के खात ग्लुऑन फेकतो, त्यात ऊर्जा जाते. पण जड क्वार्कला अगदी नाकासमोर ग्लुऑन फेकणं जमत नाही. रेघेच्या टोकाशी त्यांनी निमुळता शंकू काढला. त्याचा कोन म्हणजे वस्तुमान भागिले ऊर्जा. 13 जीईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेच्या चार्मला साधारण 6 अंश, तेवढ्याच ऊर्जेच्या बॉटमला 18. या शंकूच्या आत ग्लुऑन जवळपास निघतच नाहीत, म्हणून हा 'मृत शंकू'. त्यामुळे प्लाझ्मातही जड क्वार्कची ऊर्जा कमी जावी, असं डॉक्शिट्झर आणि खार्झीव्ह यांनी 2001 मध्ये मांडलं.

"बघा!" बापू.

"आणि ब्रूकहेवनचं काय?" मला राहवेना. 2007 मध्ये अमेरिकेतल्या त्या प्रयोगशाळेच्या फिनिक्स आणि स्टार प्रयोगांचे निकाल आले. सोन्याच्या टकरींत जड क्वार्कपासून निघालेले इलेक्ट्रॉन, वरच्या ऊर्जांना, संख्येने जवळपास हलक्या कणांइतकेच घटलेले, म्हणजे जड क्वार्कनीही भरपूर ऊर्जा गमावलेली! मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. इतका देखणा युक्तिवाद, पण मोजमापापुढे अपुरा पडला. प्लाझ्मातल्या कणांशी सरळ धडका होतात, त्यातही ऊर्जा जाते, आणि जड क्वार्कच्या बाबतीत तो वाटा सोडून चालत नाही. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटचे मुन्शी गोलाम मुस्तफा यांनी 2005 मध्येच हा हिशेब करून दाखवला होता.

"तुम्ही चार्म आणि बॉटम एकाच पोत्यात घालताय," ताई म्हणाली. खरंच, ते इलेक्ट्रॉन दोघांकडूनही येतात. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ते वेगळे काढता आले: चार्म पोटात असलेला डी-मेसॉन हा कण जन्मल्या जागेपासून मिलिमीटरच्या काही दशांशांवर फुटतो, आणि सिलिकॉनचे थर ती जागा पकडतात. चार्म बराच घटतो, बॉटम मधल्या ऊर्जांना त्याहून कमी. खुद्द मृत शंकू सर्नच्याच ॲलिस प्रयोगाने 2022 मध्ये दाखवला, तोही प्रोटॉनच्या टकरींत. आपली पवईची आयआयटी आहे त्या ॲलिसमध्ये.

"म्हणजे बॉटम तरी माझ्या बाजूने," बापू हटेना.

"किती वेगाचा बॉटम?" मास्तरांनी जुना शंकू तळहाताने पुसला. 100 जीईव्हीच्या बॉटमसाठी काढलेला नवा शंकू जेमतेम अडीच अंशांचा होता, रेघेपासून वेगळा दिसेना.