एक कळशी घाला, एक कळशी घ्या

आंघोळीचं पाणी तापवायचा बंब पेटवणाऱ्याच्या रोज दोन आंघोळी व्हायच्या. पहिली धुराची. आज बंबाच्या आठवणीने हळहळणारे बहुतेक जण तेव्हा पेटवणारे नव्हते, बादली नेणारे होते, असा माझा जुना संशय आहे.

यंत्र म्हणाल तर सरळ. पायांवर उभं तांब्याचं पिंप, मधोमध आरपार नळी, नळीच्या बुडाशी लोखंडी जाळी, तिच्याखाली राखेला जागा. विस्तव नळीत, पाणी तिच्याभोवती. वर नरसाळं, त्याचं नळकांडं आतून पार तळाशी गेलेलं, आणि वरच्याच अंगाला तोटी. गार पाणी ओतलं की ते तळाला बसतं आणि वर चढलेलं कढत पाणी तोटीतून बाहेर ढकलतं. एक कळशी घाला, एक कळशी घ्या. उधारी बंद. घाईने भसाभसा ओतलंत तर गार-गरम आतच कालवलं जातं आणि तोटीतून कोमट निराशा येते.

काही बंबांची तोटी खाली, चावीची. तिथे उधारी चालते आणि तिथेच घात होतो. पाहुणे चावी सोडून बादली भरतात, "वा, काय कढत आहे!" म्हणतात आणि भर न घालता निघून जातात. खाली विस्तव धगधगतोय, आत पाणी नाही. सांध्यांचा डाख सुटतो, बंब गळू लागतो आणि गळून गळून स्वतःचाच विस्तव विझवतो. मग त्याला उचलून तांबटाकडे न्यायचं. ज्यांच्या गावात पुण्याच्या कसबा पेठेसारखी तांबट आळी नाही, त्यांनी कल्हईवाल्याची वाट बघायची.

खरी परीक्षा जळणाची. कोकणात करवंट्या आणि सोडणं, देशावर चिपाडं आणि भुईमुगाची टरफलं, विदर्भात पऱ्हाट्या नि तुराट्या. खालच्या तोंडाशी गोवरीचा तुकडा रॉकेलमध्ये बुडवून पेटवायचा, तो धरला की वरून बारीक ढलप्या, मग जाड. हा क्रम मोडून नळी गच्च भरणारा एक उत्साही माणूस प्रत्येक घरात असतो. नळीतून वारा वाहिला तरच जाळ धरतो. वाट बुजली की नुसता धूर. कालची राख जाळीत अडकली असेल तरी तेच. मग फुंकणी, डोळे लाल, आणि बाहेरून विचारणा, "झालं का पाणी?" टरफलांचा स्वभाव तर वेगळाच: भडका मोठा, टिकाव शून्य. साबण लावेपर्यंत संपतात. पावसाळ्यातल्या ओल्या लाकडांबद्दल चारचौघांत बोलण्यासारखं काही नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मात्र बंबाचा थाट. चिंच आणि राखेने घासून लखलखीत, गळ्यात झेंडूची माळ, भोवती रांगोळी. पहाटेच्या पहिल्या धुरात सगळं पुन्हा काळं.

गिझर आले तसे बंब मोडीत गेले. जे वाचले ते आता दिवाणखान्यात उभे असतात, पितांबरीने चकचकीत, मधल्या नळीत छत्र्या. बाहेरून सगळे घासतात, पण नळीत हात घालायला कुणी तयार नसतं. त्यामुळे छत्री उपसणाऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर अजूनही काजळी येते.