दोन दिवस आणि सव्वादोन वर्षं

सोमवार, ३ जुलै २०२३. सकाळची औषधं देऊन झाली होती. खिडकीजवळच्या आजोबांचं सलाईन संपत आलं होतं म्हणून नवी बाटली काढत होते, तेवढ्यात वॉर्ड मॅनेजर दारात येऊन उभी राहिली. "जरा ऑफिसात ये," म्हणाली. आत गेल्यावर तिने दार लावून घेतलं आणि चहा घेणार का विचारलं. इंग्लंडमध्ये वाईट बातमीच्या आधी चहा विचारतात, हे एवढ्या वर्षांत मला कळलेलं होतं. मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं नाव, माझा पिन नंबर, म्हणजे नर्स म्हणून नोंदणीचा क्रमांक, आणि त्यापुढे एकच शब्द: लॅप्स्ड. ३० जूनच्या शुक्रवारी माझी नोंदणी संपली होती. शनिवारी आणि रविवारी, साडेबारा तासांच्या दोन ड्युट्या, मी कायद्याने नर्स नसताना केल्या होत्या. सोमवारचे तीन तास वेगळेच.

"चाव्या दे," ती म्हणाली.

औषधांच्या कपाटाच्या चाव्या. त्या दिवशी वॉर्डची इन्चार्ज मी होते, त्यामुळे मॉर्फिनच्या कपाटाचीही चावी माझ्याच खिशात होती. मी जुडगा टेबलावर ठेवला. त्यानंतर माझे हात काय करत होते ते आठवत नाही, पण ते पहिल्यांदाच रिकामे वाटले एवढं आठवतं.

चूक माझी होती, आणि ती अगदी फालतू होती. नर्सची नोंदणी ठेवणाऱ्या इथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची तेव्हाची वार्षिक फी १२० पौंड, ती बँकेतून परस्पर कापली जायची. मी बँक बदलली, जुनं खातं बंद केलं. आठवणीचे ईमेल आले असणारच, पण ते आधीच्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर. ती नोकरी सोडली तेव्हाच तो पत्ता मेलेला. दर तीन वर्षांनी जे रिव्हॅलिडेशन, म्हणजे नोंदणीची फेरपडताळणी, करावं लागतं ते मी आदल्याच वर्षी पूर्ण केलं होतं. किमान ४५० तास प्रत्यक्ष काम, ३५ तास शिक्षण, पाच जणांचे अभिप्राय, स्वतःच्या कामाबद्दल पाच टिपणं, वर एका नोंदणीकृत सहकाऱ्यासोबत बसून त्यावर चर्चा, हे सगळं मान्य झालेलं. राहिले होते फक्त पैसे. शुक्रवारी रात्री अकरा वाजता शीर शोधणारी आणि शनिवारी सकाळी शीर शोधणारी बाई एकच होती.

तरी त्या दोन दिवसांचा हिशेब झाला. कोणकोणते रुग्ण माझ्याकडे होते, शिरेतून काय दिलं, मॉर्फिनच्या वहीत कुठे सही केली, शेजारची दुसरी सही कोणाची, रक्ताची पिशवी कोणाबरोबर ताडून पाहिली. मी स्वतः बसून सगळं लिहून दिलं. दुसरी सही करणाऱ्या मुलीला मॅनेजरने बोलावलं तेव्हा मला जास्त लाज वाटली. तिची काय चूक होती?

नोंदणी परत मिळायला चार आठवडे लागले. तोवर दोन पर्याय होते: बिनपगारी घरी बसणं, नाहीतर हेल्थकेअर असिस्टंट म्हणून काम करणं, नर्सच्या बँड ५ वरून मदतनिसाच्या बँड २ च्या पगारावर. मी काम घेतलं. माझ्याकडे कायम वास्तव्याची परवानगी होती म्हणून हा पर्याय तरी होता. माझ्यानंतर आलेल्या मुलींचा व्हिसा नर्सच्या नोकरीलाच बांधलेला असतो, त्यांच्यासाठी हेच प्रकरण कुठल्या कुठे गेलं असतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर मी चार आठवडे त्याच वॉर्डात 'मावशी' होते. आंघोळी, बेडपॅन, चादरी, पाण्याचे जग. कामाची लाज नव्हती. लाज वेगळ्या गोष्टीची होती. एका रात्री पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका माणसाने मला हाक मारली, दुखतंय म्हणाला. त्याच्या चार्टवर काय लिहिलंय ते मला दिसत होतं, किती द्यायचं ते माहीत होतं, आणि कपाट आठ पावलांवर होतं. पण नर्स दुसऱ्या टोकाला एका कोसळलेल्या रुग्णापाशी अडकलेली. तो चाळीस मिनिटं थांबला. मी त्याचा हात धरून बसले, आणि माझ्या थकलेल्या १२० पौंडांचा या माणसाच्या टाक्यांशी काय संबंध, असं मनात म्हणत राहिले.

नेमक्या त्याच जुलैत आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घमासान चाललं होतं. १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी नवा राष्ट्रीय आयोग आणणारं विधेयक महिन्याच्या शेवटी लोकसभेत मंजूर झालं, ऑगस्टमध्ये राज्यसभेतही झालं. त्या निमित्ताने जुनंच भांडण नव्याने निघालं. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी राज्याच्या नर्सिंग परिषदेकडे नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी शिक्षणाचे पॉइंट गोळा करावे लागतात. एक मैत्रीण सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. तिचं म्हणणं: "वीस वर्षं सुया टोचतेय, आता शीर कुठे आहे ते मला कागद सांगणार?" पॉइंट म्हणजे काय, तर सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने कॉन्फरन्सला जायचं, सकाळी सही करायची, मागच्या रांगेत डुलक्या घ्यायच्या आणि जेवणानंतर सर्टिफिकेट घेऊन घरी यायचं. दुसरी, नर्सिंग कॉलेजात शिकवणारी, लगेच माझ्याकडे बोट दाखवायची. "तिला विचारा. तिकडे कशी शिस्त आहे! म्हणून तिकडे नर्सला मान आहे."

मी त्या वेळी चादरी बदलत होते. ग्रुपवर एक अंगठा टाकला आणि गप्प बसले. खरं काय झालं ते त्यांना सांगायला मला दोन महिने लागले.

कागदाने नर्स घडत नाही, हे म्हणणारी माझी मैत्रीण पहिली नव्हे. दर १२ मेला जिच्या नावाने आपण दिवा हातात धरून शपथ घेतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचंही हेच मत होतं. १८८० च्या दशकाच्या अखेरीस नर्सेसची नोंदणी करावी अशी मागणी आली तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला: चांगल्या नर्सचे गुण परीक्षेत मोजता येत नाहीत आणि यादीत लिहिता येत नाहीत. समोर उभ्या होत्या एथेल बेडफर्ड फेनविक, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलच्या माजी मेट्रन. त्यांचा मुद्दा साधा होता. आजारी माणसाला, त्याच्या उशाशी उभी असलेली बाई शिकलेली आहे की नाही, हे कळणार कसं? तीस वर्षं त्या भांडल्या. डिसेंबर १९१९ मध्ये कायदा झाला आणि पुढे रजिस्टर उघडलं तेव्हा त्यात पहिलं नाव त्यांचं लागलं. नाइटिंगेलबाईंचं चुकलं असं मला आजही पूर्णपणे वाटत नाही. पण त्या नर्सबद्दल बोलत होत्या, आणि फेनविकबाई रुग्णाबद्दल.

आमच्या ग्रुपवरच्या भांडणात नेमका हा रुग्णच नाही. तिथे भांडण आहे नर्सचं आणि परिषदेचं, फीचं आणि पॉइंटचं, अनुभवाचं आणि कागदाचं. यादी कोणी बघायची, हा प्रश्न कोणी काढतच नाही.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळलेली नाही. २०१४ साली इकडे यायचं ठरवलं तेव्हा राज्याच्या परिषदेकडून पडताळणी लागत होती. त्यासाठी कपाटातून सर्टिफिकेट काढलं, तर त्याची मुदत संपून सव्वादोन वर्षं झालेली. तेव्हा मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खासगी रुग्णालयात काम करत होते. नाइटला तीस-पस्तीस रुग्णांमागे आम्ही दोघी. सव्वादोन वर्षांत मी किती इंजेक्शनं दिली, किती रक्ताच्या पिशव्या लावल्या, देव जाणे. नोकरीला लागताना दिलेली झेरॉक्स फाइलमध्ये होती, फाइल कपाटात होती. तपासणीला माणसं आली तेव्हा फाइल आहे हे त्यांनी पाहिलं आणि पुढे गेली. मी फॉर्म भरला, विलंब शुल्क भरलं, काम झालं. मेट्रनना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं झालं आठवलं तुला. माझंही बघायला पाहिजे."

म्हणजे दोनदा चुकले. एकदा दोन दिवस, एकदा सव्वादोन वर्षं. दोन दिवसांची चूक सोमवारी सकाळी पकडली गेली, कारण इथे हॉस्पिटलची कर्मचारी-नोंद कौन्सिलच्या रजिस्टरशी आपोआप ताडली जाते. शिवाय ते रजिस्टर सगळ्यांसाठी उघडं आहे. खिडकीजवळचे आजोबासुद्धा फोनवर माझं नाव घालून मी नोंदणीकृत आहे की नाही ते बघू शकले असते. सव्वादोन वर्षांची चूक कोणालाच दिसली नाही. मी विमानात बसायचं ठरवलं नसतं तर मलाही दिसली नसती.

म्हणून "तिकडे शिस्त आहे" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. शिस्त माझ्या अंगात दोन्हीकडे सारखीच होती, म्हणजे बेताचीच. आणि कागदी नाटक इथेही चालतं. ती पाच चिंतनाची टिपणं एका संध्याकाळी, टीव्ही चालू ठेवून लिहिणाऱ्या सहकारी मी पाहिल्या आहेत. खोटं कशाला बोलू, त्यातलं एक टिपण माझंही तसंच आहे. इथल्याच स्टॅफर्ड गावच्या हॉस्पिटलमध्ये दुर्लक्षामुळे रुग्णांचे जे हाल झाले त्यावरचा चौकशी अहवाल २०१३ मध्ये आला, त्यानंतर रिव्हॅलिडेशन २०१६ मध्ये सुरू झालं. टिपणं लिहून ते हाल थांबतात असं इथलीही कुठली नर्स मानत नाही. वॉर्डात माणसं पुरेशी असली तर थांबतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

आपल्याकडच्या वादात आणखी एक गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नाही. आपल्या गावोगावच्या नर्सिंग होममध्ये गुलाबी नाहीतर पांढऱ्या ड्रेसमधल्या कितीतरी मुली अशा आहेत, ज्यांचं नाव कुठल्याच यादीत कधी नव्हतं. दहावी-बारावी झालेली मुलगी डॉक्टरांनी हाताखाली घेतली, सहा महिन्यांत ती सलाईन लावायला शिकली, आणि रुग्णाचे नातेवाईक तिलाही 'सिस्टर' म्हणतात, मलाही सिस्टरच म्हणायचे. महाराष्ट्रात परिचारिकांचा कायदा १९६६ चा आहे. इतकी वर्षं होऊनही यादीतली आणि यादीबाहेरची यांतला फरक खाटेवरच्या माणसाला ओळखता येत नाही. मग नूतनीकरणाचे नियम कडक केले की त्रास कोणाला? जी यादीत आहे तिला. जी नाहीच, तिची मुदत संपणार कशी?

नव्या कायद्यात ऑनलाइन राष्ट्रीय रजिस्टरची तरतूद आहे, आणि मला त्यातलं तेवढंच मनापासून हवं आहे. ते खरोखर रोज ताजं राहावं, कोणालाही बघता यावं, आणि ते ताडून पाहण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्यावर यावी. पॉइंट हवेत तर जरूर असोत, पण ते ड्युटीच्या वेळेत, पगारी, वॉर्डाजवळच्या खोलीत मिळावेत. माझी अधिपरिचारिका मैत्रीण चिडते ती शिकण्यावर नाही, आठवड्यातली एकुलती एक सुट्टी जाते त्यावर. तिला ओळखते मी. नवं व्हेंटिलेटर आलं तेव्हा त्याचं पुस्तक घरी नेऊन वाचणारी बाई आहे ती.

आणि चाव्या काढून घेण्याचा नियम? तो मला माझ्यावर लागू झाला तरी बरोबर वाटतो. त्या टाके पडलेल्या माणसाची चाळीस मिनिटं धरूनही. यादीला अपवाद केले की ती यादी राहत नाही. आज माझ्या १२० पौंडांना सूट दिली तर उद्या कशाला देणार, हे मॅनेजरने मला समजावलं नाही, पण तिच्या तोंडावर दिसत होतं. जुलैच्या अखेरीस नाव परत लागलं तेव्हा तिने जुडगा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "बँकेचं बघितलंस ना?"

शेवटी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. दोन दिवसांचंही आणि सव्वादोन वर्षांचंही. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग अधिपरिचारिका मैत्रिणीने खासगीत एक फोटो पाठवला. तिचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख. मुदत संपून आठ महिने झाले होते. खाली लिहिलं होतं, "आत्ता बघितलं गं. आज नाइट आहे. बेचाळीस पेशंट, मी आणि एक शिकाऊ मुलगी. काय करू?"

ती इथे असती तर उत्तर दोन शब्दांचं होतं. चाव्या ठेव. पण मला तो वॉर्ड माहीत आहे. तिने चाव्या ठेवल्या तर त्या उचलायला मागे कोणी नाही, आणि बेचाळीस माणसं त्या शिकाऊ मुलीवर पडणार. मी बराच वेळ टाइप करत राहिले, पुसत राहिले.

"सकाळी फॉर्म भर," एवढंच लिहिलं.

"भरते," ती म्हणाली, आणि ड्युटीवर गेली.