चिखलातली वीज आणि जस्ताचा खिळा : निपाणीच्या वाचकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

वीज निर्माण करणाऱ्या जिवाणूंवरील माझ्या लेखाला आपण दोन आक्षेप घेतले आहेत. लेखासोबतच्या छायाचित्रात चिखलाच्या डब्यात जस्ताचा खिळा आणि तांब्याची तार दिसते, तेव्हा ती वीज जिवाणूंची नसून लिंबात खिळा खोचल्यावर मिळते तीच आहे, हा पहिला. आणि थ्री-फेजची वाट पाहत रात्री जागणाऱ्या शेतकऱ्याला असले काही सांगणे ही त्याची थट्टा आहे, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. जस्त झिजते आणि त्या झिजेतूनच वीज येते. चिखलाऐवजी मिठाचे पाणी असते तरी मीटरवर आकडा दिसलाच असता. म्हणून खानापूरकडच्या भाताच्या खाचरातला चिखल आणून मी प्रयोग नव्याने केला. या वेळी जुन्या सेलमधल्या कार्बनच्या काळ्या कांड्या घेतल्या; तीन एकत्र बांधून चिखलात खोल पुरल्या आणि तीन वरच्या पाण्यात हवेलगत ठेवल्या. पहिला आठवडा मीटर जवळजवळ शून्यावर होता. मग आकडा हळूहळू चढला आणि तिसऱ्या आठवड्यात १००० ओहमच्या रोधावर ०.१ व्होल्टला स्थिरावला. जिवाणू मरावेत म्हणून कुकरमध्ये तीनदा शिजवलेल्या चिखलाचा दुसरा डबा तोवर ढिम्म होता. (कुकरवरून घरात जे ऐकावे लागले, ते इथे लिहीत नाही.)

यामागचे कारण आपल्या भागातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या पाहण्यातले आहे. तांबडी जमीन चिखलणीनंतर पाण्याखाली राहिली की आत निळसर-करडी पडते. सेंद्रिय पदार्थ खाऊन उरलेले इलेक्ट्रॉन जिवाणूंना कुठेतरी टाकावे लागतात. चिखलात प्राणवायू नसल्यामुळे काही जाती ते मातीतल्या लोहावर टाकतात आणि तांबडे लोह रंग बदलते. अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळातून १९८७ साली वेगळा केलेला जिओबॅक्टर हा जिवाणू हाच कुळाचार पाळणारा. लोहाच्या जागी कार्बनची कांडी दिली, तर तो तेच इलेक्ट्रॉन तिच्यावर टाकतो आणि तारेतून प्रवाह वाहतो.

दुसऱ्या आक्षेपाचा हिशेब मात्र मी आपल्यापेक्षा कठोरपणे मांडतो. माझ्या डब्याची शक्ती १० मायक्रोवॅट भरते, आणि पाच एचपीच्या मोटरला सुमारे ३.७ किलोवॅट लागतात. म्हणजे असे ३७ कोटी डबे हवेत. डबे एकापुढे एक जोडून व्होल्टेज वाढवावे, तर त्यांतल्या एखाद्या दुबळ्या डब्याचे व्होल्टेज उलटे होते. मोटर यावर चालणार नाही, आणि चालेल असे मी लिहिलेलेही नव्हते.

उपयोग आहे तो जिथे वीज थोडी लागते किंवा वीज हा मुख्य हेतूच नसतो तिथे. समुद्रतळाच्या वा नदीच्या गाळातून मिळणाऱ्या अशा विजेवर हवामान नोंदवणारी छोटी उपकरणे चालवून दाखवली गेली आहेत. आपल्या साखरपट्ट्यात मला त्याहून मोलाचा वाटतो तो सांडपाण्याचा मापक. पाण्यातला सेंद्रिय भार मोजणारी बीओडीची चाचणी तीन ते पाच दिवस घेते. जिवाणूंचा प्रवाह मात्र अन्न वाढले की काही तासांतच वाढतो, आणि विषारी काही आले तर पडतो. मळीचे पाणी ओढ्यात उतरले, हे मासे मरण्याआधी कळावे, एवढ्यासाठी मायक्रोवॅट पुरतात.

लेखातले छायाचित्र मी आज काढून टाकले असून त्या जागी कार्बनच्या कांड्यांचे छायाचित्र आणि रोजच्या नोंदींचा तक्ता दिला आहे. शिजवलेल्या डब्यातही चौथ्या आठवड्यात आकडा किंचित हलू लागला, तो तसाच नोंदवला आहे; झाकण सैल होते, हा माझा दोष.