शेळीचा अभिप्राय

गेल्या गुरुवारी एका शेळीनं माझा स्वयंपाक नापास केला. शेळी जुळे सोलापुरातली, आमच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या भाजीवालीची. नाव चंद्री.

मागची गोष्ट थोडक्यात. नवऱ्याची साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, भाज्या वाढवा, आणि म्हणताना बघितलं माझ्याकडे. साखर याची, मान मी डोलवायची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला फळं-भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम खायला सांगते आणि त्यात बटाटा धरत नाही. हे वाचून दाखवलं तर हे गृहस्थ घरातलं कुणी गेल्यासारखे गप्प झाले. बावन्न वर्षांच्या आयुष्यात यांनी भाज्या मानल्या दोनच. एक बटाटा आणि दुसरी शेंगाचटणी.

"शेंग म्हणजे भाजीच की गं."

शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पन्नासेक ग्रॅम तर नुसती चरबी, आणि हा वरून कच्चं तेल ओतून घेणार, त्यात कडक भाकरी चुरणार. दुधी केला तर म्हणतो, कडू दुधीचा रस पिऊ नका असं २०११ मध्ये सरकारी तज्ज्ञांनी सांगितलंय. अहो, हा रस नाही आणि कडूही नाही. "ते खाल्ल्यावर कळणार ना! तोवर उशीर झालेला असतो." वर्तमानपत्रातलं एरवी काही लक्षात राहत नाही. विजेचं बिल भरायची तारीख तर नाहीच नाही.

तरीही मी हटले नाही. डब्यात रोज एक भाजी द्यायला लागले आणि डबा रोज रिकामा, लख्ख परत यायला लागला. अक्कलकोटला सासूबाईंना मी फोन करून सांगितलं. नणंदेला सांगितलं. शेजारणीला दोडक्याची कृतीसुद्धा दिली.

गुरुवारी दोडके निवडत होते. भाजीवाली म्हणाली, "अक्का, राग मानू नका. दोडक्यात मीठ लई पडतंय तुमच्या."

"तुम्ही कधी खाल्लात?"

"मी कशाला खाऊ? चंद्री खाती की."

विजेच्या खांबाला बांधलेल्या चंद्रीनं नाव ऐकून मान वळवली. मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. ओळख पटली ती आधी तिला.

"सायेब येत्यात न्हवं रोज एक वाजता. हितं गाडी लावत्यात, भाजी हिला घालत्यात, आन् डिक्कीतनं पुडी काढून चटणी-भाकरी खात्यात. लई जीव हाय त्यांचा हिच्यावर."

मी पिशवी खाली ठेवली.

"मेथी खाल्ली तिनं. पडवळ खाल्लं. वांग्याचं नुसतं देठ खाल्लं. कारल्याला मात्र पाठ करून बसली."

"शेळ्या कारलं खात नसतील," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. बचावाचा वकील आपल्याच तोंडात बसलेला असतो.

"कच्चं खाती की ओ! शिजवल्यालं न्हाई खाल्लं."

शेजारी कोथिंबीर घेणारे एक आजोबा होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "गूळ घालत जा कारल्यात. चिंच आणि गूळ." मी म्हटलं, घालते. ते म्हणाले, "मग कमी पडत असेल," आणि त्यांनी चंद्रीकडे अशा नजरेनं पाहिलं की ही बिचारी किती सोसते.

तरी हेही मी हसून सोडून दिलं असतं. पण बाई पुढं म्हणाल्या, "मानूस गुणाचा हाय पर. डबा घासून नेतो. माझ्या बादलीतलं पानी घेतो, राखेनं घासतो, उन्हाला पालथा घालतो."

डबा घासतो!

आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी. ते कधी रात्री एकला येतं, कधी पहाटे. तेव्हा उठून पिंप, हंडे, पातेली भरते कोण? एकोणीस वर्षांत चहाचा कप या माणसानं विसळला नाही, 'मला जमत नाही' म्हणून. आणि भर रस्त्यात, मे महिन्याच्या उन्हात, दुसऱ्याच्या बादलीशी उकिडवं बसून राखेनं डबा! डॉक्टरांनी मला कधी विचारलं नाही की बाई, तुम्ही काय खाता. मी काय खाते? मला कारलं आवडतं. याला वास सहन होत नाही म्हणून लग्नापासून मी ते स्वतःसाठी कधी केलं नाही. या महिन्यात केलं ते याच्या साखरेसाठी आणि सगळंच्या सगळं डब्यात भरून दिलं. म्हणजे माझ्या वाटचं कारलं शेळीला गेलं आणि तिलाही ते नको होतं.

रात्री विचारलं. नाकारलं नाही त्यानं. उलट भाकरी मोडता मोडता काळजीनं म्हणाला, "पण वांगं का खात नाही गं ती? तेल जास्त होतं का?"

मी ताटात दोडका वाढला. त्याने खाल्ला. तीन घास, डोळे मिटून. "बरा आहे," म्हणाला. "मीठ जरा..." आणि गप्प बसला.

आज सकाळी परत कोपऱ्यावर गेले. चंद्री बसली होती, मला बघून उठून उभी राहिली. मी आले म्हणून आमच्या घरात आजवर कुणी उठलेलं नाही.

अर्धा किलो दोडका घ्यायचा होता. पाऊण घेतला.