नाना जागरूक झाले

फोनवरच्या भामट्यांपासून घर सांभाळणं एक वेळ जमेल, पण जागरूक झालेल्या वडिलांपासून सांभाळणं महाकठीण. आमचे नाना पूर्वी कुणाचाही फोन आला तरी जन्मतारखेपासून मधुमेहापर्यंत सगळं सांगून मोकळे व्हायचे. मग कुणालाही फोन लावला की आधी सायबर गुन्ह्यांची सूचना ऐकू येऊ लागली. नानांनी ती पाठ केली. त्यात 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनी 'डिजिटल अरेस्ट'बद्दल, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेबद्दल, सांगितलं: थांबा, विचार करा, मग कृती करा. पहिल्या दोन पायऱ्या नानांनी फारच मनावर घेतल्या. तिसरीवर ते अजून पोचलेले नाहीत.

खरा भामटा आला तेव्हा मात्र नानांनी मैदान मारलं, हे कबूल. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, असं म्हणत त्याने 'सीबीआयच्या साहेबां'ना व्हिडिओ कॉलवर आणलं. अंगात खाकी, मागे तिरंगा. 'घर में किसी को बताना नहीं' असं साहेबांनी दरडावताच नाना स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "अगं, मला अटक झालीय! चहा टाक!"

मग साहेबांची उलटतपासणी सुरू झाली.

"साहेब, आपका मूळ गाव कौनसा?"

"अंकल, ये सीरियस मॅटर है."

"वो है ही. लेकिन गाव? आडनाव से तो आप विदर्भ साइड के लगते हो."

साहेबांनी दोन तासांत पोलीस दारात येतील अशी धमकी दिली. जेवायलाच येऊ देत, म्हणजे निवांत बोलता येईल, असं नानांनी सुचवलं. शेवटी सीबीआयनेच फोन ठेवला.

या धंद्याचं भांडवल म्हणजे घाई. आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, संध्याकाळपर्यंत केवायसी नाही तर खातं बंद, आत्ताच्या आत्ता ही एपीके (फोनमध्ये ॲप टाकणारी) फाइल उघडा. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही, पण घाबरलेल्या माणसाला हे आठवायला वेळ मिळू द्यायचा नाही, एवढीच त्यांची कारागिरी. आणि नानांना घाई करायला लावणं आमच्या आईला उभ्या जन्मात जमलेलं नाही.

खरा छळ त्यानंतर सुरू झाला. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर आला आणि म्हणाला, "काका, ओटीपी सांगा."

नाना विजयी मुद्रेने हसले. "ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो."

"मग टाकी परत नेऊ?"

"न्या! बँकेचीसुद्धा ताकद नाही माझ्याकडून ओटीपी काढायची!"

मी ऑफिसातून फोनवर समजावलं की सिलिंडर दारात आल्यावर द्यायचा कोड वेगळा आणि बँकेचा ओटीपी वेगळा. आकडा कशासाठी आलाय ते मेसेजमध्येच लिहिलेलं असतं, तेवढं वाचायचं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू नक्की माझाच मुलगा बोलतोयस कशावरून?" लहानपणी मी कुठल्या विहिरीत पडलो होतो हे सांगितल्यावर सिलिंडर घरात गेला.

शेजारच्या काकूंना मात्र नानांचा खरा उपयोग झाला. जुना सोफा विकताना गिऱ्हाइकाने 'पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका' म्हणताच नानांनी त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. यूपीआयचा पिन लागतो पैसे द्यायला, घ्यायला नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनचा 1930 लावायचा, कारण ते खात्याखात्यांतून पसार होण्याआधी अडवता येतात, हेही त्यांनी जिन्यात उभं राहून अख्ख्या सोसायटीला ऐकवलं.

आणि मग माझ्या पासपोर्टच्या पडताळणीसाठी पोलीस ठाण्यातून फोन आला. "पोलीस ठाण्यातून बोलतोय" हे शब्द संपायच्या आत नानांनी त्या हवालदारांना त्यांचं मूळ गाव विचारलं, डिजिटल अटकेवर व्याख्यान दिलं आणि नंबर ब्लॉक केला. बिचारे दुसऱ्या दिवशी घामाघूम होऊन घरी आले. ओळखपत्र, गणवेशावरची नावाची पट्टी, खाली उभी असलेली मोटारसायकल, सगळं तपासून नानांनी त्यांना आत घेतलं. चहा झाला, कागद झाले. हवालदार उठता उठता म्हणाले, "काका, आमच्या सासऱ्यांना जरा असंच समजावाल का? कुठलीही लिंक उघडतात."

"नंबर द्या, आत्ता लावतो."

नानांनी परत परत फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद व्हायची. शेवटी हवालदारांनीच स्वतःच्या फोनवरून लावून विचारलं, तर पलीकडून सासरे म्हणाले, "कोण भामटा मघापासून फोन करतोय. ब्लॉक केलाय मी."




नानांना जावयापेक्षा सासरेच जास्त आवडले.