आधी ॲडमिन, मग ऑथ: त्या ‘पाच ओळींच्या लोडर’ला उत्तर

रविवारी मिसळीवर तर्री ओतता ओतता भाच्याने मोबाइल पुढे केला. “मामा, हे बघ, आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतंय.” एक चित्र होतं. वर ठळक अक्षरांत: ‘अजून एकेक फाइल हाताने रिक्वायर करताय? मागे राहाल!’ खाली नोडसाठी, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी, पाच ओळींचा लोडर: ‘रीडडिरसिंक’ या फंक्शनने राउट्स फोल्डर (कोणत्या पत्त्यावर काय उत्तर द्यायचं हे सांगणाऱ्या फाइलींचं) वाचायचं, सापडेल ती फाइल रिक्वायर करून, म्हणजे कोडमध्ये ओढून, एक्सप्रेस या वेब फ्रेमवर्कच्या ॲपला जोडायची. शिवाय पाच फायदे. कोड कमी, सर्व्हर वेगवान, क्रमाची चिंता नाही, हॅकरला फाइलींची नावं कळत नाहीत आणि मोठे फ्रेमवर्क हेच करतात.

हसून सोडून दिलं असतं. पण पोराने हे इंटर्नशिपच्या प्रोजेक्टात घालूनही टाकलं होतं. पिंपळगावकडच्या एका द्राक्ष पॅकहाउसचं काम, सोमवारी लाइव्ह जाणार.

‘क्रमाची चिंता नाही’ हे ज्याने लिहिलं, त्याने एक्सप्रेस कधी वापरलं असेल असं मला वाटत नाही. एक्सप्रेसच्या अधिकृत मार्गदर्शिकेत मिडलवेअरच्या (रिक्वेस्ट आल्यावर उत्तराआधी मध्ये चालणाऱ्या कोडच्या) प्रकरणात सरळ सांगितलंय की क्रम महत्त्वाचा आहे, जे आधी लोड होतं ते आधी चालतं. बाकी काही वाचू नका, तेवढं वाचा. आता भाच्याचं फोल्डर बघा. त्यात ॲडमिन, ऑथ, ऑर्डर्स, रिपोर्ट्स अशा फाइली. लॉगिन तपासणारं मिडलवेअर ऑथमध्ये. हाताने लिहिलेल्या ओळींत ते सगळ्यात वर होतं. लोडर आला आणि फाइली इंग्रजी आद्याक्षरांनी लागल्या. दोन्ही नावं ‘ए’पासून सुरू होतात, पुढे ॲडमिनचा ‘डी’ आणि ऑथचा ‘यू’. म्हणजे ॲडमिनची पानं आधी जोडली गेली, पहारेकरी नंतर. ॲडमिनच्या राउटने उत्तर देऊन टाकलं की मागून आलेल्या ऑथला कोण विचारतो?

मिसळ तशीच ठेवून मी माझ्या मोबाइलवर प्रायव्हेट विंडो उघडली आणि टेस्ट सर्व्हरवरचा ॲडमिनचा पत्ता टाकला. ना लॉगिन, ना पासवर्ड. बागायतदारांची नावं, फोन, बँकेचे खाते क्रमांक, सगळं समोर. ऑर्डर्सचं पान मात्र इमानदारीत लॉगिन मागत होतं, कारण ‘ओ’ ‘ए’च्या नंतर येतो. म्हणून तर कुणाला शंका आली नाही.

कुंभमेळ्यात रामकुंडावर आखाडे स्नानाला येतात तेव्हा त्यांचा क्रम ठरलेला असतो. नावांच्या आद्याक्षरांवरून लावून बघा, काय होतं ते.

आणि हा अक्षरांचा क्रम तरी कशाच्या भरवशावर? दुसऱ्या भाषेत, पायथॉनमध्ये, फोल्डर वाचणाऱ्या लिस्टडिरबद्दल त्यांचंच डॉक्युमेंटेशन म्हणतं की नावं कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. फोल्डर वाचणं म्हणजे यादी मिळणं. ती यादी कामाच्या क्रमाने असेल असं कुणी कबूल केलेलं नाही.

बाकीचे मुद्दे पटकन उरकतो. वेग: लोडर फक्त सर्व्हर सुरू होताना चालतो, रिक्वेस्टला त्याने काडीचा फरक पडत नाही. हॅकर: ज्याला त्या फोल्डरात एक फाइल टाकता आली, त्याची फाइल पुढच्या रीस्टार्टला तुमचा लोडर स्वतः चालवणार. याला सुरक्षा म्हणायचं? हॅकर कशाला, आपण स्वतःच पुरेसे आहोत. रिक्वायर करणं म्हणजे फाइल नुसती वाचणं नाही, चालवणं. टेस्टचा डेटा पुसायची स्क्रिप्ट चुकून त्या फोल्डरात राहिली तर सर्व्हर सुरू होताच टेबलं साफ. कोड कमी: भाच्याच्या राउट फाइली किती? नऊ.

मोठे फ्रेमवर्क हेच करतात, यात मात्र अर्धं तथ्य आहे, मान्य करतो. पीएचपी भाषेत फाइली आपोआप लोड करायचा पीएसआर-४ हा संकेत आहे, रुबीच्या रेल्स फ्रेमवर्कमध्ये आवृत्ती ६ पासून झाइटवर्क हा लोडर आहे, नोडच्याच फास्टिफाय फ्रेमवर्कचं तर ऑटोलोड नावाचं प्लगइनच आहे. पण पीएसआर-४ फोल्डर उपसत बसत नाही. क्लासचं नाव लागलं की त्या नावावरून नेमकी एक फाइल शोधतं. झाइटवर्कही नावांचे नियम पाळायला लावतं. फास्टिफायमध्ये कोणतं प्लगइन कशावर अवलंबून आहे ते लिहिता येतं. तिथे नियम आधी आहेत, आपोआप नंतर. इथे नुसतंच आपोआप.

रात्री भाच्याने नऊ ओळी परत हाताने लिहिल्या, ऑथ सगळ्यात वर. मग ॲडमिनचा किस्सा त्याने ग्रुपवर टाकला, तर कुणीतरी लगेच तोडगा दिला: फाइलींना १-ऑथ, २-ॲडमिन अशी नावं द्या, लोडर राहू द्या. म्हणजे क्रम हातानेच लिहायचा, फक्त फाइलींच्या नावांत. आणि दहावी फाइल आली की अक्षरांच्या हिशोबाने १० हा २ च्या आधी जाऊन बसणार.