दरी पहिलीच्या आधीच पडते

‘तिसरीतल्या पोराला वाचता येत नाही, हा शिक्षकाचा दोष’ हे एका लेखातलं वाक्य खटकलं. बीड जिल्ह्यात २२ वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. जूनमध्ये एका मुलाच्या गाठीशी घरच्या गोष्टी-गाणी असायची. शेजारच्याची तीन ते सहा ही वर्षं साखर कारखान्याच्या तळावर, ऊसतोड मजुरांच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) गेलेली. तो पेन्सिल मुठीत धरायचा. उसाची मोळी कशी बांधतात, हे मात्र मलाच समजावून सांगायचा!

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीची टोळी निघाली की हा थेट मार्च-एप्रिलमध्ये दिसणार. अंगणवाड्या १९७५ पासून आहेत, पण अंगणवाडी गावात आणि पोर उसाच्या फडात. गावात राहिलेल्यांना तरी काय? खिचडी, वजनं, रजिस्टरं यांतून सेविकाताईंना गोष्ट सांगायला वेळ कधी मिळायचा?